साध्या भाषेतली कथा कशी वाचावी: ‘भाषाशैली साधी आणि ओघवती’ या वाक्याच्या पुढे

रसग्रहणाच्या उत्तरात एक वाक्य हमखास येतं: ‘लेखकाची भाषाशैली साधी, सोपी आणि ओघवती आहे.’ वाक्य खोटं नसतं. पण ते कुठल्याही कथेला चालतं, आणि म्हणूनच त्यातून त्या एका कथेबद्दल काहीच कळत नाही. भाषा साधी आहे हे दिसल्यावर खरा प्रश्न पुढे येतो: याच कथेत ती इतकी साधी का? विशेषणं का गाळली, भावना का सांगितल्या नाहीत, पात्रांच्या मनात लेखक का शिरला नाही? या ‘का’चं उत्तर बऱ्याचदा थेट कथेच्या अर्थापाशी नेतं.

हे उत्तर कसं शोधायचं ते मी एकच कथा घेऊन दाखवणार आहे. साहित्याचे नवे विद्यार्थी, वाचनगटातली मंडळी आणि स्वतः कथा लिहू पाहणारे, सगळ्यांनाच ही पद्धत वापरता येईल. कथा अमेरिकन लेखक अर्नेस्ट हेमिंग्वेची, ‘हिल्स लाइक व्हाइट एलिफंट्स’ (पांढऱ्या हत्तींसारख्या टेकड्या). 1927 साली ‘मेन विदाउट विमेन’ या त्याच्या संग्रहात ती आली. साधारण दीड हजार शब्दांची आहे, म्हणजे एका बैठकीत दोनदा वाचून होते. शक्य असेल तर आधी ती वाचा आणि मग इकडे या.

ज्यांना आत्ता वाचणं शक्य नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्पेनमधलं एब्रो नदीच्या खोऱ्यातलं एक स्टेशन. कडक ऊन. एक अमेरिकन पुरुष आणि त्याच्यासोबतची मुलगी बाहेर सावलीत टेबलाशी बसले आहेत. बार्सिलोनाहून येणारी एक्स्प्रेस चाळीस मिनिटांनी येईल, दोन मिनिटं थांबेल आणि माद्रिदला जाईल. दोघं बिअर मागवतात, मग ‘आनीस देल तोरो’ नावाची दारू चाखून बघतात, मग पुन्हा बिअर. बोलता बोलता तो एका ‘ऑपरेशन’चा विषय काढतो. ती टाळते, मग बोलते, मग त्याला गप्प राहायला सांगते. तो बॅगा स्टेशनच्या पलीकडच्या बाजूला नेऊन ठेवतो आणि परत येतो. ती म्हणते, मी ठीक आहे. कथा संपते.

पहिली पायरी: अर्थ शोधू नका, फक्त दिसलं-ऐकलं ते लिहा

पहिल्या वाचनात वहीत दोनच गोष्टी उतरवायच्या. डोळ्यांना काय दिसलं, कानांना काय ऐकू आलं. लांबट पांढऱ्या टेकड्या, झाड नसलेली अलीकडची बाजू, रुळांच्या मधोमध स्टेशन, माश्या येऊ नयेत म्हणून दारात सोडलेला बांबूच्या मण्यांचा पडदा, बिअरचे ग्लास. हे काम कंटाळवाणं वाटेल, पण चुकवू नका. मोजक्या भाषेतल्या कथेत लेखकाने आपल्या हाती दिलेलं सामान एवढंच असतं. पुढे जे काही म्हणायचं ते याच सामानाच्या आधारे म्हणावं लागेल.

दुसरी पायरी: जे नाही त्याची यादी करा

दुसऱ्या वाचनात उलटं करायचं. एखादी सर्वसाधारण कथा जे सांगते, त्यातलं इथे काय नाही?

पुरुषाला नाव नाही. मुलीला निवेदक नाव देत नाही. तो पुरुष तिला ‘जिग’ म्हणतो, तेही दोनदाच. दोघांची वयं, चेहरे, कपडे, ते कुठे भेटले, लग्न झालंय का, पैसे कुठून येतात, काही नाही. मनात काय चाललंय तेही नाही. आणि ज्या शब्दाभोवती सगळं संभाषण फिरतं तो शब्दच नाही. मुलगी गरोदर आहे आणि तिने गर्भपात करावा असं त्याला वाटतं, हे वाचकाला कळतं, पण ‘गरोदर’ किंवा ‘गर्भपात’ हे शब्द कथेत एकदाही येत नाहीत. तो ‘अगदी साधं ऑपरेशन’ म्हणतो. मग म्हणतो, ऑपरेशनसुद्धा नाही खरं तर. मग म्हणतो, नुसती हवा आत सोडतात. दर वाक्यागणिक ती गोष्ट लहान होत जाते.

यादी झाली की तिच्यातल्या प्रत्येक नोंदीपुढे एक प्रश्न लिहा: हे कोण टाळतंय, लेखक की पात्र? माझ्या मते या पद्धतीतला सगळ्यात कामाचा प्रश्न हाच. कथेच्या काळात स्पेनमध्ये गर्भपात बेकायदा होता, त्यामुळे उघड्यावर तो शब्द न उच्चारण्याला व्यवहाराचं कारण आहेच. पण तेवढ्याने भागत नाही. आजूबाजूला इंग्रजी समजणारं कोणी दिसत नाही, तरी तो शब्द टाळतो, कारण शब्द उच्चारला तर गोष्ट मोठी होईल. आणि लेखक तो शब्द वाचकापासून लपवतो तोही नेमका तिथेच. पात्रांचं टाळणं आणि लेखकाचं गाळणं एकाच जागी येतं, तेव्हा समजावं की शैली कथेच्या अर्थाचं काम करते आहे. हेमिंग्वेने ही कथा एखाद्या सर्वज्ञ, मोकळ्या बोलणाऱ्या निवेदकाकडून सांगवली असती, तर निवेदक त्या दोघांपेक्षा धीट ठरला असता आणि मग त्यांच्यातली ती कोंडी वाचकाच्या अंगावर आलीच नसती.

स्वतः लिहिणाऱ्यांसाठी इथेच एक गोष्ट सांगून टाकतो. 1932 च्या ‘डेथ इन द आफ्टरनून’ या पुस्तकात हेमिंग्वेने लिखाणाबद्दल बोलताना हिमनगाचा दाखला दिला आहे: त्याचा फक्त एक अष्टमांश भाग पाण्यावर असतो, म्हणून त्याच्या हालचालीला भारदस्तपणा येतो. हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच ठिकाणी त्याने दिलेला इशारा मात्र फारसा कोणी सांगत नाही. लेखकाने माहीत असलेलं गाळलं तर ते वाचकाला जाणवतं. माहीत नाही म्हणून गाळलं तर लिखाणात नुसत्या पोकळ जागा राहतात. ‘जिग’ला काय वाटतं ते हेमिंग्वेला पक्कं ठाऊक होतं, हे तिच्या एकेका वाक्यावरून दिसतं. तेवढी तयारी नसताना केलेली काटछाट म्हणजे अर्धवट लिहिलेली कथा.

तिसरी पायरी: वाक्यं मोजा, पण लांबीसाठी नाही

‘छोटी छोटी वाक्यं’ हा हेमिंग्वेबद्दलचा ठरलेला शेरा. तो तरुणपणी ‘कॅन्सस सिटी स्टार’ या वृत्तपत्रात बातमीदार होता आणि तिथल्या नियमावलीत छोटी वाक्यं लिहा असं सांगितलेलं होतं, हे खरंच आहे. पण त्याने ही सवय कुठून उचलली ते कळतं, या कथेला ती का हवी होती ते कळत नाही. शिवाय वाक्यं सगळी छोटी नाहीतच. सुरुवातीच्या परिच्छेदातली बरीच वाक्यं ‘आणि’ने जोडलेली, बऱ्यापैकी लांब आहेत.

म्हणून लांबी पाहण्यापेक्षा जोड पाहा. निवेदकाच्या वाक्यांत ‘आणि’ आहे. ‘कारण’, ‘त्यामुळे’, ‘तरीसुद्धा’ जवळजवळ नाहीत. गोष्टी शेजारी शेजारी ठेवलेल्या आहेत, त्यांचा संबंध लावायचं काम आपल्यावर आहे. याउलट त्या पुरुषाच्या बोलण्यात ‘जर-तर’ भरलेले आहेत. तुला नको असेल तर करू नकोस. तुला नको असेल तर मलाही नको. पण मला वाटतं हेच बरं. मुलगी आपल्या निर्णयाचं कारण एकदाच सांगते. ती म्हणते, मग मी करते, कारण मला माझं काही वाटत नाही. एवढ्या कमी ‘कारणां’च्या कथेत आलेलं हे ‘कारण’ वाचताना मला अजूनही थांबायला होतं.

चौथी पायरी: ‘म्हणाला’ आणि ‘म्हणाली’कडे बघा

संवादांपुढे हेमिंग्वे जवळजवळ फक्त ‘म्हणाला’, ‘म्हणाली’, ‘विचारलं’ एवढंच लिहितो. ‘चिडून’, ‘हुंदका आवरत’, ‘कुत्सितपणे’ असं काही नाही. याचा परिणाम समजून घ्यायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे ते शब्द स्वतः घालून बघणं. हा संवाद घ्या (मराठी माझं):

‘त्या टेकड्या पांढऱ्या हत्तींसारख्या दिसतात,’ ती म्हणाली.
‘मी कधी पाहिला नाही.’ पुरुषाने बिअर घेतली.
‘नाहीच पाहिला असशील.’
‘पाहिलाही असेन. तू नाही म्हणतेस एवढ्याने काही सिद्ध होत नाही.’

आता पेन्सिलीने भर घाला: ‘ती स्वप्नाळूपणे म्हणाली’, ‘तो तुटकपणे म्हणाला’, ‘ती खट्टू झाली’, ‘तो फणकारला’. पुन्हा वाचा. कथा लगेच सोपी झाली, आणि तितकीच लहानही. मूळ रूपात ‘नाहीच पाहिला असशील’ हे थट्टेतही म्हणता येतं आणि जुन्या दुखण्यातूनही. कुठला सूर होता ते त्या मुलीलाही कदाचित सांगता येणार नाही. आणि साध्या, मोकळ्या संवादात ‘सिद्ध’ हा कोर्टातला शब्द कसा टोचतो ते पाहा. तिने टेकड्यांकडे बघून एक कल्पना केली, त्याने पुरावा मागितला. पुढे ऑपरेशनबद्दलही तो असाच पुरावा देतो: अशा कितीतरी जणी मला माहीत आहेत.

काही ठिकाणी तर ‘म्हणाला’ही नाही आणि कोण बोललं ते मागे जाऊन मोजावं लागतं. हेमिंग्वेच्याच ‘अ क्लीन, वेल-लाइटेड प्लेस’ (1933) या कथेत दोन वेटरांचं संभाषण इतकं विनापत्त्याचं आहे, की कुठलं वाक्य कोणाचं यावर अभ्यासकांत वाद झाला आणि 1965 साली, म्हणजे लेखकाच्या मृत्यूनंतर, प्रकाशकाने त्यातल्या ओळींची वाटणी बदलून टाकली. गाळण्याला किंमत असते, ती कधी अशी मोजावी लागते.

पाचवी पायरी: उपमा कोणाच्या तोंडी आहे?

ही पायरी मी मुद्दाम सावकाश घेणार आहे, कारण मला या कथेचं मर्म इथे सापडतं.

निवेदक उपमा वापरत नाही. टेकड्या लांबट आणि पांढऱ्या होत्या, एवढंच सांगतो. टेकड्या हत्तींसारख्या दिसतात हे त्या मुलीचं वाक्य आहे. कथेचं नाव ज्या उपमेवरून पडलं ती उपमा निवेदकाची नाही, त्या पुरुषाची नाही, एकट्या तिची आहे.

आता त्या उपमेचं पुढे काय होतं ते ओळीने पाहा. तो ती उडवून लावतो. थोड्या वेळाने, वातावरण निवळावं म्हणून, ती स्वतःच विचारते: मी हत्तींसारख्या म्हटलं ते छान होतं ना? तो म्हणतो, हो, छान होतं. मग ती माघार घेते: टेकड्या सुंदर आहेत, पण खरं तर पांढऱ्या हत्तींसारख्या दिसत नाहीत. आणि ऑपरेशनचा विषय निघाल्यावर ती जे विचारते ते मला या कथेतलं सगळ्यात जीवघेणं वाक्य वाटतं. मी ते केलं, आणि नंतर एखादी गोष्ट पांढऱ्या हत्तींसारखी आहे असं म्हटलं, तर तुला आवडेल ना?

म्हणजे ती आता उपमा देण्याची परवानगी मागते आहे. एखादी गोष्ट दुसऱ्या गोष्टीसारखी दिसणं, जगाकडे आपल्या नजरेने बघणं, हेच तिच्याकडून काढून घेतलं जातंय. उपमा नसलेली, कोरडी, मोजूनमापून लिहिलेली ती गद्यशैली आता वेगळी दिसू लागते. ते त्या पुरुषाला हवं असलेलं जग आहे: सगळं साधं, सगळं समजूतदार, सगळं ‘अगदी सोपं’. त्या कोरड्या गद्यात तिची एकच उपमा एकटी पडली आहे, जशी ती त्या स्टेशनवर पडली आहे. शैली आणि अर्थ यांचा संबंध म्हणतात तो असा, एखाद्या ठिकाणी बोट ठेवून दाखवता आला पाहिजे.

(‘पांढरा हत्ती’ म्हणजे पोसायला महाग आणि कोणाला नको असलेली वस्तू, हा अर्थ आपल्यालाही ठाऊक आहे आणि तो इथे लागू आहेच. पण बरीच उत्तरं तेवढ्यावर थांबतात. प्रतीकाचा अर्थ लिहून झाला म्हणजे शैलीबद्दल लिहून झालं, असं नाही.)

सहावी पायरी: शैली कुठे मोडते?

संयत भाषेतल्या कथेत एखाद-दोन जागी संयम सुटतो. ती जागा शोधा. इथे ती सापडायला कठीण नाही. तो पुन्हा तेच बोलू लागतो तेव्हा ती विचारते, माझ्यासाठी एक करशील? तो म्हणतो, काहीही करीन. आणि ती म्हणते, प्लीज, प्लीज, प्लीज... सलग सात वेळा, मग ‘बोलणं थांबव’. प्रत्येक शब्द तोलून वापरणाऱ्या लेखकाने एकच शब्द सात वेळा ओतला आहे, मध्ये स्वल्पविरामही न देता. कुठल्याही ‘ती हतबल होऊन ओरडली’ने हे साधलं नसतं. पुढे काय होतं? तो गप्प बसतो, बॅगांकडे बघतो. त्यांच्यावर दोघांनी जिथे जिथे रात्री काढल्या त्या हॉटेलांची लेबलं आहेत. आणि मग तो पुन्हा बोलतोच: पण तू करावंस असं माझं म्हणणं नाही.

दुसरी जागा शांत आहे, म्हणून निसटते. बॅगा ठेवून परत येताना तो बारमध्ये एकटाच एक आनीस घेतो आणि बसलेल्या लोकांकडे बघतो. निवेदक सांगतो, ते सगळे समजूतदारपणे गाडीची वाट बघत होते. ‘समजूतदारपणे’ हे क्रियाविशेषण कोणाचं? निवेदक तर आतापर्यंत कोणाबद्दल मत देत नव्हता. हा त्या पुरुषाचा शब्द निवेदनात घुसला आहे. बाकीचे समजूतदार आहेत. म्हणजे ती नाही. क्षणभरच आपण त्याच्या डोक्यात शिरतो आणि तिथे काय आहे ते दिसतं. क्रियाविशेषणांची अशी काटकसर केल्याशिवाय त्या एका शब्दाला हे वजन आलं नसतं.

सातवी पायरी: वर्णन कधी येतं ते पाहा

वर्णनात काय आहे यापेक्षा ते संभाषणाच्या कुठल्या क्षणी येतं ते महत्त्वाचं. ती उठून स्टेशनच्या टोकाला जाते तेव्हा प्रथमच दुसरी बाजू दिसते: धान्याची शेतं, नदीकाठची झाडं, लांब डोंगर, शेतावरून सरकत जाणारी ढगाची सावली. लगेच ती म्हणते, हे सगळं आपलं होऊ शकलं असतं. कूस, सुपीकता, मूल, असा एकही शब्द नाही. फक्त क्रम आहे.

तशीच एक बारीकशी गोष्ट: बारवाली बाई स्पॅनिश बोलते आणि मुलीला ती भाषा येत नाही. गाडी पाच मिनिटांत येतेय हेसुद्धा त्याच्याकडून कळून घ्यावं लागतं. निवेदक यावर एक अक्षर बोलत नाही.

आठवी पायरी: शेवट मिटवून टाकू नका

ती ऑपरेशन करते की नाही? तो बॅगा पलीकडे नेतो म्हणजे बेत बदलला का? यावर वाचक गेली कित्येक वर्षं वाद घालत आहेत. तुमचं मत जरूर बनवा, पण ते कथेत लिहिलेलं आहे असं भासवू नका. ‘मी ठीक आहे. मला काही झालेलं नाही,’ हे तिचं शेवटचं बोलणं. ते खरं की थकलेलं, हे सांगणारा एकही शब्द दिलेला नाही, आणि तो न देणं हाच लेखकाचा निर्णय आहे.

आता लिहायला बसा

उत्तर किंवा लेख लिहिताना एक साचा सुरुवातीला मदत करतो: लेखकाने अमुक जागी अमुक टाळलं, त्यामुळे वाचकाला अमुक करावं लागतं, कथेत अमुक पात्रही तेच करत आहे. तिसरा भाग लिहिता आला नाही तर पहिले दोन नुसतं वर्णन ठरतात. उदाहरणार्थ: ‘संवादांपुढे भावदर्शक शब्द नाहीत, त्यामुळे प्रत्येक वाक्याचा सूर वाचकाला स्वतः ताडावा लागतो, ती मुलगीही “तुला नको असेल तर नको” या वाक्यामागचं खरं मागणं ताडत बसली आहे.’ असं एक वाक्य ‘साधी, सोपी, ओघवती’च्या अख्ख्या परिच्छेदापेक्षा मोलाचं आहे.

सरावासाठी दुसरा लेखक घ्या. रेमंड कार्व्हरच्या 1981 च्या संग्रहात ‘द बाथ’ नावाची कथा आहे. संपादक गॉर्डन लिश याने कार्व्हरच्या कथा त्या वेळी फार कठोरपणे कापल्या होत्या. तीच गोष्ट 1983 च्या ‘कॅथीड्रल’ संग्रहात ‘अ स्मॉल, गुड थिंग’ या नावाने बरीच मोठी होऊन आली. आईने मुलाच्या वाढदिवसाचा केक सांगितलेला असतो, मुलाला गाडीची धडक बसते, तो हॉस्पिटलमध्ये असताना केक का नेला नाही म्हणून बेकरीवाला घरी फोन करत राहतो. छोट्या रूपात आईवडील बहुतेक ठिकाणी नुसते ‘आई’ आणि ‘वडील’ आहेत, आणि कथा एका फोनपाशी तुटते. मुलाचं काय झालं ते कळत नाही. मोठ्या रूपात मूल जातं, आईवडील बेकरीत जातात, आणि तो माणूस माफी मागून त्यांना ओव्हनमधले गरम रोल खायला घालतो. दोन्ही एकामागून एक वाचा, वरच्या आठही पायऱ्या दोन्हींवर चालवा, आणि दोन याद्या शेजारी ठेवून बघा: लहान कथेत गाळलेल्या ओळींबरोबर बेकरीवाल्याचं काय झालं?